माग थांबले की मला जाग यायची

सोलापूरच्या आमच्या पूर्वभागात रात्री झोप लागते ती यंत्रमागांच्या खटखटीत. लहानपणापासून कानाला तोच आवाज, त्यामुळे तो थांबला की जाग येते. गेल्या हिवाळ्यात ही सवय कामी आली. माग थांबले म्हणजे लाईट गेली, आणि लाईट गेली म्हणजे माझ्या खोलीतल्या थर्मोकोलच्या पेटीतला हीटर बंद. त्या पेटीत पाणदिवड सापाची 41 अंडी होती.

मी सापांचं काम करतो, म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हिप्परगा तलावाकडच्या एका शेतातून फोन आला. जेसीबीने बांध काढताना उंदराचं जुनं बीळ फुटलं होतं आणि आत अंड्यांचा घोस. मादी अंड्यांजवळच होती, ती निसटून चारीत गेली. आपल्याकडचे बहुतेक साप उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर अंडी घालतात. पाणदिवड मात्र ऐन थंडीतही घालते. जमिनीच्या पोटात ऊब टिकते म्हणून तिचं भागतं. इथे बांधच उरला नव्हता, परत ठेवायचं कुठे?

आधी वनविभागाला फोन केला. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडीसुद्धा ‘प्राणी’ या व्याख्येतच येतात. कितीही चांगल्या हेतूने असो, परस्पर घरी नेता येत नाहीत. परवानगी मिळाल्यावरच हात लावला. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने बारीक खूण केली, कारण सापाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं फिरवायचं नसतं. गर्भ वरच्या बाजूला चिकटून वाढतो, उलटं झालं तर दगावू शकतो. एकमेकांना चिकटलेली अंडी तशीच उचलली. ओढून सुटी केली तर कवच फाटतं.

पेटी औषधाच्या दुकानातून आणलेली. तळाला दहा लिटर पाणी, त्यात फिशटँकचा 50 वॅटचा हीटर, पाण्यात दोन विटा आणि विटांवर अंड्यांचा डबा. डब्यात ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतपतच ओलं. तापमान 29 अंशांवर लावलं. बल्बऐवजी पाणी निवडलं ते मला हे काम शिकवणाऱ्या काकांच्या सांगण्यावरून. बल्ब विझला की हवा लगेच गार होते, तापलेलं पाणी मात्र तासन्‌तास ऊब सोडत राहतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोनदा अर्धा-पाऊण तास लाईट गेली. काटा एका अंशानेही हलला नाही. मी निर्धास्त झालो.

भोगीच्या आदल्या रात्री दोनच्या सुमारास माग थांबले. डीपी जळाली होती, सकाळशिवाय दुरुस्ती नाही असं गल्लीतल्या पोरांकडून कळलं. बाहेर बोचरी थंडी, घरात इन्व्हर्टर नाही. चारला पेटीत 27 अंश. मी घाबरलो आणि तिथेच चुकलो. गॅसवर पाणी उकळून बाटलीत भरलं आणि बाटली थेट अंड्यांच्या डब्याला टेकवून ठेवली. दहा मिनिटांत त्या बाजूचा काटा 33 च्या वर! बाटली झटकन काढली, झाकण उघडं ठेवलं आणि तसाच काकांना फोन लावला. पहाटे चारला त्यांनी उचलला, याचं ऋण मोठं आहे.

“थंडीनं पिल्लं उशिरा येतील, मरणार नाहीत,” ते म्हणाले. “तुझ्या गरम पाण्यानं मरतील. आता हळू कर.”

काही तासांचा गारवा गर्भ सोसतो, त्याची वाढ फक्त मंदावते. जास्तीची उष्णता मात्र थोड्या वेळातही घात करते. मग आंघोळीला घेतो तेवढंच कोमट पाणी दोन बाटल्यांत भरलं आणि त्या तळाच्या पाण्यात आडव्या सोडल्या. ऊब आधी पाण्याला, मग अंड्यांना. आईने उठून न बोलता आपल्या अंगावरची चादर काढून दिली. सोलापुरी चादर दुहेरी घडी करून पेटीभोवती गुंडाळली, झाकणाची भोकं तेवढी मोकळी ठेवली. अंड्यांना हवा लागते, तीच कोंडली तर ऊब काय कामाची! दर तासाला बाटल्या बदलत गेलो.

सकाळी कोनाड्यातलं खोबरेल तेल पार थिजलेलं होतं. पेटीत 25 अंश होते. त्या दिवशी सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा. घरचे सगळे सिद्धेश्वराला गेले, मी पेटीपाशी बसून राहिलो. अकरा वाजता माग सुरू झाले. हीटरनेही पाणी हळूहळूच तापवलं, 29 वर यायला बराच वेळ लागला.

रात्री खोलीत अंधार करून कडेच्या अंड्यामागे टॉर्च धरला. लाल शिरांचं जाळं दिसलं. हात थरथरत होता म्हणून टॉर्च लगेच बंद केला.

पुढे तीन अंडी पिवळी पडून सुरकुतली. ती त्या रात्रीमुळे गेली की आधीच पोकळ होती, ते सांगता येणार नाही. बाकीच्यांना चिकटलेली असल्याने ती काढली नाहीत.

24 फेब्रुवारीला पहाटे पहिल्या अंड्यावर ब्लेडने मारल्यासारखी चीर दिसली. चिरेतून नाकाचं टोक बाहेर. ते पिल्लू जवळपास दिवसभर तसंच बसलं, आणि ओढून काढायचं नाही हे स्वतःला बजावत मीही बसलो. चार दिवसांत 36 पिल्लं बाहेर आली. पहिल्याच दिवसापासून फणा काढल्यासारखी मान चपटी करून माझ्यावर धावत होती.

वनरक्षकांसमोर मोजून नोंद झाली आणि तलावाच्या काठी, बेडकांची पिल्लं असलेल्या उथळ पाण्याशी डबा आडवा केला. बहुतेक पिल्लं लगेच गवतात शिरली. एक मात्र माझ्या चपलेच्या सावलीत थांबलं, म्हणून ते जाईपर्यंत मी पाय हलवला नाही.