बारा वर्षं शिकवलंय हो मी

मागच्या मंगळवारी इथे इंग्लंडमध्ये शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या एका एजन्सीत गेले होते. नाव नको. फाईलमध्ये बी.एड., एम.ए. इतिहास, आमच्या मुख्याध्यापकांचं पत्र आणि नाशिकच्या शाळेचा अनुभवाचा दाखला, गोल शिक्क्यासकट. समोरच्या बाई एकेक कागद उलटून ‘लव्हली, लव्हली’ म्हणत होत्या. इथे लव्हली ऐकू आलं की समजायचं, काम होत नाहीये. शेवटी म्हणाल्या, आमच्याकडचं क्वालिफाइड टीचर स्टेटस, म्हणजे शिक्षक म्हणून इथली सरकारी मान्यता, नाही ना तुमच्याकडे, टीचिंग असिस्टंट म्हणून बघू या का? गणित-सायन्सवाल्या भारतीय शिक्षकांना आता वाट जरा मोकळी झालीय, पण माझा विषय पडला इतिहास. बारा वर्षं शिकवलंय हो मी, साठ-साठ पोरांचा वर्ग, खडू-फळ्यावर! हे मनातल्या मनात. तोंडाने थँक यू म्हटलं, उठले, आणि ‘पुश’ लिहिलेलं दार ओढत बसले. दोनदा ओढलं, मागून आवाज आला, ‘पुश, डिअर.’

घरी येऊन कुणाशी बोलले नाही. लायब्ररीतून आणलेली ब्रिटिश लेखिका आंद्रिया लेव्हीची ‘स्मॉल आयलंड’ कादंबरी अर्धी राहिली होती ती उघडली, तर त्यात हॉर्टेन्स नोकरीला निघालेली. १९४८ चं लंडन, ही जमैकाची ट्रेनिंग घेतलेली मास्तरीण, हातमोजे-बितमोजे घालून शिफारसपत्रं घेऊन शिक्षण खात्याच्या ऑफिसात जाते, तिथली बाई सांगते की या देशात तुला शिकवता येणार नाही, आणि हॉर्टेन्स ताठ मानेने दार उघडून बाहेर पडते ती थेट कपाटात. झाडू-बादल्यांच्या कपाटात! मी आधी खदखदून हसले आणि मग पुस्तक मिटून भांडी घासायला गेले.

लेव्हीला हे कुठून सुचलं ते नंतर वाचलं. तिचे वडील १९४८ मध्ये जमैकाहून ‘एम्पायर विंडरश’ जहाजाने इंग्लंडला आले, आई त्याच वर्षी मागून आली. आई जमैकात शिक्षिका होती. इथे तिचं शिक्षण धरलंच नाही, म्हणून शिवणकाम करत बसली, आणि बऱ्याच वर्षांनी ओपन युनिव्हर्सिटीतून पुन्हा शिकून परत शिक्षिका झाली. वडील पोस्टात. आंद्रियाचा जन्म १९५६ साली लंडनलाच, वाढली उत्तर लंडनमधल्या हायबरीला, कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या पालिकेच्या) घरात. म्हणजे ती अस्सल लंडनची पोरगी, पण शेवटपर्यंत लोक विचारणार, मूळची कुठली? हा प्रश्न मला विचारला तर मला आवडतो, मी लगेच नाशिकबद्दल सुरू होते. तिला विचारणं वेगळं.

आणि ही बाई काही लहानपणापासून लिहीत नव्हती बरं का. शिकली टेक्स्टाइल डिझाइन, बीबीसीच्या कपडेपटात काम केलं, मग नवऱ्याबरोबर ग्राफिक डिझाइनचा धंदा. तिशी उलटल्यावर लिखाणाच्या क्लासला जायला लागली. पहिली कादंबरी १९९४ ची, तीही बऱ्याच प्रकाशकांनी परत पाठवलेली. २००४ ला ‘स्मॉल आयलंड’ आलं, ऑरेंज प्राइझ, व्हिटब्रेड, मोठमोठी बक्षिसं सगळी एकदम, ती अठ्ठेचाळीस वर्षांची. (मी एकेचाळीसची. सहज सांगितलं.) मग जमैकातल्या गुलामगिरीवरची ‘द लाँग साँग’, बुकरच्या शॉर्टलिस्टपर्यंत गेलेली. २०१९ च्या फेब्रुवारीत कॅन्सरने गेली, बासष्टाव्या वर्षी, आणि त्याच वर्षी नॅशनल थिएटरने ‘स्मॉल आयलंड’ रंगमंचावर आणलं.

याच कादंबरीत हॉर्टेन्सचा नवरा गिल्बर्ट म्हणतो ते मला फारच पटलं, की आम्हा जमैकाच्या पोरांना विचारा, इंग्लंडात जहाजं कुठे बांधतात, कापड कुठे विणतात, घडाघडा सांगू, आणि इंग्रज शिपायाला विचारा जमैका कुठे आहे, तर म्हणेल आफ्रिकेत ना? तसंच आहे अजून! स्टाफरूममधल्या एका मुलीने परवा मला विचारलं, मराठी म्हणजे हिंदीच ना? हो, असिस्टंटचं काम मी घेतलंय, महिन्याचं भाडं लव्हलीवर निघत नाही. पण ट्यूडर राजांची नावं मी क्रमाने सांगू शकते आणि तिला शिवाजी महाराज कोण ते माहीत नाही, यात माझी काय चूक?

आपल्याकडे असं कुणाला करत नाहीत, असं मी इथे लिहिणार होते. लिहिलंही होतं, मग खोडलं. आमच्या शाळेत धुळ्याकडचे एक सर होते, बोलताना अहिराणी डोकावायची आणि आम्ही सगळे त्यांची नक्कल करायचो, मी जरा जास्तच छान करायचे. पण ती थट्टा होती, तेही हसायचे. बहुतेक हसायचे. त्यांना कधी कुणी वार्षिक स्नेहसंमेलनाचं निवेदन दिलं नाही, हेही आठवलं.

लेव्हीने हे आपल्या घरातलंही लपवलं नाही, म्हणून ती मला जवळची वाटते. तिचे आईवडील उजळ रंगाचे, त्यामुळे आपण काळ्या जमैकन लोकांपेक्षा वरचे असा समज घेऊन आलेले, इतर कॅरिबियन लोकांत मिसळायचेच नाहीत. आणि ती स्वतः? नोकरीतल्या एका वर्णभेदविरोधी प्रशिक्षणात सांगितलं, गोरे एका बाजूला, काळे दुसऱ्या बाजूला. ही मुकाट गोऱ्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. पलीकडच्यांनी हाक मारून इकडे ये म्हटलं. त्या धक्क्याने आठवडाभर अंथरुणातून उठली नाही, असं तिनेच लिहिलंय. मी वाचताना विचार करत होते की मी कुठे उभी राहिले असते. बहुतेक चहाच्या टेबलापाशी.

काल चौथीच्या वर्गात एक कॅरिबियन आजी नातवाला सोडायला आल्या होत्या. मला म्हणाल्या, ‘तू शिकवायचीस का गं आधी? उभी राहतेस तशी.’ मी हो म्हटलं, बारा वर्षं. त्या म्हणाल्या, ‘दिसतं ते,’ आणि पोराचा डबा माझ्या हातात देऊन गेल्या.