पाण्याखालची वाळू

सोमवार, रात्र

पांढरा थर अखेर वाळला. कोपऱ्यात नख हलकेच टेकवून पाहिलं, खूण उमटली नाही. बारा दिवस लागले. तैलरंग वाळतो असं आपण म्हणतो खरं, पण त्यातून पाण्यासारखं काही उडून जात नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं, आणि ते त्याच्या वेळेनेच होतं. एवढे दिवस कॅनव्हास खिडकीपाशी ठेवला होता. अंधारात तेल पिवळं पडतं, आणि या चित्रात पांढरा पिवळा पडला तर काहीच उरणार नाही.

सध्या चित्रात समुद्र नाहीच. वर आकाश, डावीकडे बेटाचा लांबट उंचवटा, त्यावर चार माड, आणि खालचा बराचसा भाग नुसती वाळू. तीत प्रवाळाचे करडे-तपकिरी डाग आहेत. लाटांमधून गाळून आलेल्या उन्हाची जी जाळी तळावर हलत असते, ती जाड रंगात पॅलेट नाइफने, म्हणजे रंग लावायच्या बोथट सुरीने, ओढली आहे. पाणी अजून आलेलं नाही, पाण्यातून आलेलं ऊन मात्र आधीच येऊन पोचलंय. मला हे दृश्य फार आवडलंय. तासभर समोर बसून राहिले.

इथवर यायला तीन कॅनव्हास गेले. तिन्ही वेळा उथळ पाण्याचा तो निळा-हिरवा मी पॅलेटवर मिसळला. थॅलो ब्लू, थोडा हिरवा व्हिरिडियन, भरपूर टायटॅनियम व्हाइट. बेटावर केलेल्या छोट्या स्केचशेजारी धरून पाहिला, छटा अगदी जुळत होती. तरी मोठ्या चित्रात पाणी दिसेना. निळ्या-हिरव्या गिलाव्याची भिंत आडवी पाडावी, तसं काहीतरी दिसायचं. तिसऱ्या वेळी डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग बेटावरची शेवटची दुपार आठवली. मी गुडघाभर पाण्यात उभी होते. पायाशी पाहिलं तर पाण्याला रंगच नव्हता. पायाची बोटं, वाळूतल्या वळ्या, सगळं स्वच्छ. दहा पावलांवर तेच पाणी हिरवट काचेसारखं, त्यापुढे निळं, आणि प्रवाळाच्या कडेपलीकडे, जिथे तळ एकदम सुटतो, तिथे गडद, जवळजवळ जांभळा निळा. पाणी एकच, फक्त तळ खाली खाली जात होता. ऊन आत शिरतं, पांढऱ्या वाळूवर आपटतं आणि परत वर येतं. दोन मीटर खोलीला जाऊन-येऊन चार मीटर. या वाटेत पाणी आधी तांबडा गिळतं, मग नारिंगी, मग पिवळा. जे उरतं ते आपल्या डोळ्यांत शिरतं. म्हणजे मी ज्याला रंग समजत होते, ते वजाबाकीचं उत्तर आहे. पांढरा मिसळत गेलं तर वजाबाकी कशी होणार?

म्हणून आधी वाळू. पाणी नंतर, तिच्यावरून.

मंगळवार

पहिलं ग्लेझ, म्हणजे तेलात पातळ केलेल्या पारदर्शक रंगाचा थर, दिलं. थॅलो ब्लू टाचणीच्या डोक्याएवढा घेतला, कारण तो फार जोरकस आहे, जरा जास्त झाला की सगळं गिळून टाकतो. मुख्य भर व्हिरिडियनवर ठेवला. तो मऊ, पारदर्शक, जरा थंड स्वभावाचा रंग आहे. त्यात जवसाचं तेल खालच्या थरापेक्षा थोडं जास्त घातलं. खाली कमी तेल, वर जास्त, हा क्रम मी मोडत नाही. उलटं झालं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागून हलत राहतो आणि चिरा पडतात.

रुंद मऊ ब्रशने सगळीकडे लावून घेतलं आणि मग सुती फडक्याने किनाऱ्याच्या दिशेने पुसत आणलं. खोल भागात रंग राहू दिला, काठाकडे येईल तसा काढून घेतला. शेवटच्या बोटभर पट्ट्यात फक्त तेलाची ओल. पुसताना खालची उन्हाची जाळी हिरव्यातून उजळून आली, आणि मी हात थांबवला. तिथे पाणी होतं. खोली होती, हात घातला तर मनगट बुडेल एवढी.

अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर पहिल्यांदा बहामाला गेला तो १८८४-८५ च्या हिवाळ्यात. तिथलं लखलखीत पाणी त्याने जलरंगात पकडलं, आणि त्यात कागदाचा पांढरा मोकळा राखला. त्याच्या पातळ निळ्यातून कागद चमकतो, तीच त्याची वाळू. त्याचं प्रसिद्ध तैलचित्र ‘द गल्फ स्ट्रीम’, १८९९ चं, त्यात मात्र पाणी खोल, गडद, तळ नसलेलं. डोलकाठी मोडलेली होडी, भोवती शार्क. तिथे तळ दिसून चालणारच नव्हतं. पूर्वी मी ही चित्रं वेगवेगळी पाहत होते. आज ती मला एकाच प्रश्नाची दोन उत्तरं वाटली: खाली काय आहे?

बुधवार

ओलं आहे. लांबूनच पाहिलं.

शनिवार

ही पद्धत क्षितिजाकडे चालत नाही, हे आज कळलं आणि बरं झालं वेळेत कळलं. सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम दोन टक्के उजेड परतवतं, बाकीचा आत जातो. नजर जसजशी लांब आणि तिरकी जाते, तसतसं पाणी आरसा होत जातं. दूरच्या पट्ट्यात आपल्याला तळ दिसत नाही, आकाश दिसतं. तिथे ग्लेझ देऊन खोली आणायला गेले तर ते खोटं पडेल. तो पट्टा अपारदर्शक रंगाने भरला. अल्ट्रामरीन, किंचित पांढरा, वाऱ्याने खडबडलेल्या जागी आडवे तुटक फटकारे. म्हणजे एकाच समुद्राचे दोन स्वभाव, आणि जिथे एक संपून दुसरा सुरू होतो ती जागा शोधणं सगळ्यात कठीण. मी ती प्रवाळाच्या फेसाळ रेषेवर आणली. फेसातही निव्वळ पांढरा कुठेच नाही. सावलीतला फेस चक्क जांभळट करडा आहे.

ढगांचंही एक राहिलं होतं. उथळ, उजळ पाण्यावर ढग आला की त्याच्या पोटाला हिरवट झाक येते. प्रशांत महासागरातले जुने नाविक या झाकेवरून क्षितिजाखालचं प्रवाळबेट ओळखत. माझ्या ढगांची पोटं करडी होती. आज तिथे व्हिरिडियनचा अगदी श्वासाएवढा स्पर्श दिला. माडाच्या झावळ्यांनाही खालून तसाच वाळूचा उबदार उजेड दिला. डोक्यावरच्या उन्हात सावल्या बुंध्याशी गोळा होतात, आणि झाडाला खरा उजेड मिळतो तो जमिनीकडून. त्या एका फटकाऱ्याने माड बेटावर उभे राहिले, तोवर ते चिकटवल्यासारखे होते.

आज चित्रकार कामिल पिसारोची आठवण येत राहिली. कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर १८३० साली जन्मलेला. १८५५ मध्ये फ्रान्सला आला, आणि पुढच्याच वर्षी, महासागराच्या या बाजूला बसून, त्याने आपल्या बेटाचा किनारा रंगवला. बोलत उभ्या दोन बायका, मागे समुद्र. समोर काही नसताना. माझ्याकडे निदान स्केच आहेत.

रविवार, पहाट

दुसरं ग्लेझ फक्त खोल भागावर दिलं. काठाला हात लावला नाही. जिथे लाट नुकतीच मागे गेली आहे तिथली वाळू ओली, म्हणून गडद, आणि तिच्यात ढगाचा एक तुकडा पडलेला. तो कोरड्या ब्रशने, जवळजवळ रंग नसताना ओढला. ब्रश धुऊन ठेवलेत. कॅनव्हास पुन्हा खिडकीपाशी.