ते शेत कोणाचे होते?

पुणे, शनिवार, रात्री उशिरा

'कार्निव्हाल' ही मालिका पुन्हा पाहायला घेतली आहे. एचबीओ या अमेरिकन वाहिनीवर १४ सप्टेंबर २००३ रोजी ती सुरू झाली आणि दोन पर्वांचे मिळून चोवीस भाग झाल्यावर, २७ मार्च २००५ रोजी, कथा ऐन मोडावर असताना थांबली. मालिकेचे जनक डॅनियल नॉफ यांच्या मनात सहा पर्वांची आखणी होती. दोन-दोन पर्वांचा एक खंड, असे तीन खंड. त्यांतला पहिलाच काय तो पडद्यावर आला. धायरीतल्या आमच्या घरी रात्रीची जेवणे उरकली, की मी आणि आई एक भाग पाहतो. आईला इंग्रजी संवाद कळत नाहीत, म्हणून मध्येमध्ये थांबवून मी सांगत जाते, आणि तसे सांगताना मलाही ही मालिका पूर्वीपेक्षा निराळी दिसू लागली आहे.

कथा १९३४ मध्ये सुरू होते. ओक्लाहोमातल्या मिल्फे गावात बेन हॉकिन्स नावाचा तरुण मरणाच्या दारातल्या आपल्या आईजवळ बसलेला आहे. पायात तुटलेली बेडी आहे, म्हणजे तो तुरुंगातून पळालेला आहे. त्याच्या हातांत काय आहे हे आईला ठाऊक असावे, कारण तो जवळ येतो तेव्हा ती त्याला स्पर्श करू देत नाही. ती जाते, कर्जापायी गेलेले घर पाडायला यंत्र दारात येऊन उभे राहते, आणि वाटेने चाललेला एक फिरता जत्रेचा तांडा त्याला सोबत घेतो. भविष्य सांगणारी सोफी, तिची वर्षानुवर्षे निश्चल पडून राहिलेली आणि मनातल्या मनात मुलीशी बोलणारी आई अपोलोनिया, सापांशी खेळणारी रूथी, दाढीवाली लायला, दृष्टी गमावलेला मनकवडा लॉड्झ आणि या सर्वांना सांभाळणारा, उंचीने ठेंगणा पण शब्दाला वजन असलेला सॅमसन, अशी ती माणसे. तिकडे कॅलिफोर्नियातल्या मिंटर्न गावात जस्टिन क्रो हा मेथडिस्ट पाद्री आपल्या अंगी आलेली शक्ती देवाचीच आहे, या श्रद्धेने वावरत असतो. प्रत्येक पिढीत प्रकाशाचा एक आणि अंधाराचा एक जीव जन्माला येतो, हे सॅमसन पहिल्याच भागाच्या आरंभी सांगून टाकतो. कोण कोणत्या बाजूचा, हे मात्र त्या दोघांनाही लवकर उमगत नाही.

धुळीची वादळे पडद्यावर आली, तेव्हा आई सावरून बसली. ती मूळची माण तालुक्यातली, आणि १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती. कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरचा लाल मिलो आणि दावणीची रिकामी झालेली जागा यांविषयी ती एरवी फारसे बोलत नाही. त्या रात्री बोलली. मी तिला सांगितले, की अमेरिकेतल्या त्या मैदानांवर पूर्वी नुसते गवत होते, गव्हासाठी ट्रॅक्टरने ते सारे नांगरून टाकले आणि मग पाऊस आटला तेव्हा मातीला धरून ठेवणारे काही उरलेच नव्हते. १४ एप्रिल १९३५ रोजी तर भरदिवसा काळोख झाला. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे वादळ आभाळातून आलं नाही, ते रानातूनच उठलं."

पहिल्या भागात बेन एका लहान मुलीच्या अधू पायांवर हात ठेवतो आणि ती चालू लागते. त्याच वेळी भोवतालचे पीक बघता बघता वाळून मरते. प्रथम पाहिली तेव्हा मी या प्रसंगाकडे चमत्काराचे दृश्यरूप म्हणूनच पाहिले होते. शक्ती किती भयंकर आहे हे दाखवण्याची एक युक्ती, एवढेच. आईने विचारले, "पोर चालायला लागली, चांगलं झालं. पण ते शेत कोणाचं होतं गं?"

मालिका त्या शेतकऱ्याकडे पुन्हा वळत नाही. पण हा प्रश्न मनात ठेवून पुढचे भाग पाहिले, की सगळी रचना या एकाच हिशेबावर उभी असल्याचे दिसते. बेनच्या हातात जीवन निर्माण करण्याची शक्ती नाही. एका ठिकाणचे जीवन उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याची आहे. पीक देऊन पाय मिळतात. मेलेला माणूस उठवायचा, तर माणूसच द्यावा लागतो. पहिल्या पर्वाच्या अखेरीस साप चावून रूथी मरते आणि तिला परत आणण्यासाठी बेन लॉड्झचा गळा आवळतो. लॉड्झ काही सज्जन नव्हता, आणि लेखकांनी आपली सोय म्हणून त्याला दुष्ट केले, असे कोणी म्हणू शकेल. मला तसे वाटत नाही. तो दुष्ट होता म्हणूनच तो प्रसंग अधिक कठीण झाला आहे, कारण त्याच्या मरणाचे समर्थन आपण प्रेक्षक फार पटकन करून मोकळे होतो. परत आलेली रूथी दुसऱ्या पर्वात मेलेली माणसे पाहू लागते. तिला मिळालेले आयुष्य निर्वेध असे नसतेच.

याच्या शेजारी जस्टिनचे दान ठेवून पाहावे. तो विस्थापितांसाठी प्रार्थनास्थळ उभारतो, रेडिओवरून प्रवचने देतो, उपाशी माणसांना आपले म्हणतो. त्या काळात फादर कॉगलिन नावाच्या खऱ्या पाद्र्याची रेडिओवरची भाषणे लाखो अमेरिकन ऐकत असत, त्यामुळे हे कथानक हवेतले नाही. दानपात्रातले पैसे चोरणाऱ्या बाईच्या तोंडून जस्टिनसमोर नाणी पडतात, तेव्हा त्याला वाटते की देव आपल्या हातून न्याय करतो आहे. त्याच्या प्रार्थनास्थळाला आग लागून अनाथ मुले मरतात, आणि ती आग त्याच्या बहिणीने, आयरिसने, त्याच्याच कार्यासाठी लावलेली असते. इथेही किंमत दुसऱ्यानेच मोजली. फरक इतकाच की बेनला त्या किमतीने झोप लागत नाही, आणि जस्टिन हळूहळू तिच्याकडे पाहायचेच सोडून देतो. क्लॅन्सी ब्राउन या नटाने हे सोडून देणे ज्या सावकाशीने दाखवले आहे, त्यासाठी तरी ही मालिका पाहावी. निक स्टालचा बेन बराच वेळ मुका आणि आक्रसलेला वाटतो. पूर्वी तो मला कंटाळवाणा वाटे. ज्याला आपल्याच हातांची भीती वाटते तो असाच वागेल, असे आता मानते.

'बॅबिलॉन' हा भाग आणि त्यानंतरचा भाग हे मला सगळ्यांत श्रेष्ठ वाटतात. टेक्सासमधल्या बॅबिलॉन याच नावाच्या गावात तांड्यातल्या डोरा मे या मुलीचा खून होतो. गावातले खाणकामगार केव्हाच मेलेले आहेत आणि जो तिथे मरेल तो तिथेच अडकून राहतो, हे सॅमसनला समजते. खुन्याला शिक्षा द्यायला तांड्याचा स्वतःचा एक कायदा आहे, नशिबावर सोडलेला. त्यातून खुनी वाचतो. सॅमसन तो नियम बाजूला ठेवून त्याला त्याच गावात ठार करतो. पण डोरा मेही तिथेच अडकलेली आहे, खिडकीत दिसते, आणि तिला सोडवणे कोणाच्याच हाती नाही. भयकथांमध्ये भूत बहुधा सूड घेते. इथे सूड घेऊन झाला आहे आणि जिच्यासाठी घेतला तिला त्याचा काही उपयोग नाही. आमच्या पिढीने नारायण धारपांच्या भयकथांतल्या समर्थांवर विश्वास ठेवून भीती पचवली. साधनेचे बळ असलेला कोणी तरी येईल आणि अमंगळ परतवून लावेल, हा तो दिलासा होता. 'कार्निव्हाल'मध्ये असा दिलासा नाही, आणि तो नसल्याची मला आता खंत वाटत नाही.

मालिका का बंद पडली, हे सांगणे सोपे आहे. पहिला भाग सुमारे ५३ लाख लोकांनी पाहिला होता, दुसऱ्या पर्वात ही संख्या निम्म्यापेक्षाही खाली आली, आणि एकेका भागाचा खर्च ४० लाख डॉलरपर्यंत जात असल्याचे सांगितले जाई. २००४ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीचे पाच एमी पुरस्कार मिळाले, तेही कलादिग्दर्शन, छायाचित्रण, वेशभूषा अशा अंगांसाठी. रहस्ये फार आणि उलगडा सावकाश, ही तक्रारही खोटी नव्हती. पहिल्या पर्वातली काही स्वप्नदृश्ये मला आजही लांबलेली वाटतात.

शेवटच्या भागात बेन मक्याच्या शेतात जस्टिनला मारतो, आणि नंतर सोफी जस्टिनच्या छातीवर हात ठेवते तेव्हा सभोवतालचा मका वाळू लागतो. पुढची चार पर्वे आली असती, तर लढाया झाल्या असत्या, नाती उलगडली असती. पण एवढे तर चोवीस भागांतच ठरून गेले आहे, की प्रकाशाचा हात आणि अंधाराचा हात एकाच नियमाने चालतात, आणि दोन्ही वेळा शेताच्या मालकाला कोणी विचारलेले नाही. आईने हा भाग अजून पाहिलेला नाही. तिला मी आधी काहीच सांगणार नाही. तो मका पाहून ती काय म्हणते, ते मला ऐकायचे आहे.