वीसच्या वीस आकडे कशाला?

फळ्यावर ती संख्या पूर्ण वीस आकड्यांत का लिहितो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मे महिन्याच्या शिबिरात मी मुलांना बुद्धिबळाच्या पटाच्या बक्षिसाची गोष्ट सांगतो. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं. मग फळ्यावर एकूण दाणे लिहितो: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. मागे बसलेले पालक हमखास विचारतात, "सर, अब्जावधी म्हटलं तर भागत नाही का?"

गोष्टीपुरतं भागतं. पण 'अब्जावधी'ला पाचाने भाग जातो का, हे विचारता येत नाही. या संख्येला विचारता येतं, आणि ती उत्तर देते.

भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे सांगलीला पटाची ओळख जुनी. गोष्ट पोरांना पाठ असते, संख्या मात्र कुणी निरखून पाहिलेली नसते. कुठल्याही घरातले दाणे आधीच्या सगळ्या घरांच्या बेरजेहून एकाने जास्त असतात. म्हणून एकूण दाणे म्हणजे २ चा ६४वा घात, त्यातून १ वजा. आणि ६४ सम असल्यामुळे ही झाली दोन वर्गांची वजाबाकी! शाळेतलं (अ+ब)(अ−ब) पुन्हा पुन्हा लावत जायचं, की संख्या आपोआप सुटते: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७. एवढी वीस आकडी संख्या कागदाच्या एका बाजूवर उलगडते, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

यातला शेवटचा अवयव सगळ्यात सुंदर. हे सहाही अवयव फर्माच्या संख्या आहेत, म्हणजे २ च्या १, २, ४, ८, १६, ३२ अशा दुप्पट होत जाणाऱ्या घातांत १ मिळवून येणाऱ्या. अशा साऱ्या संख्या मूळ संख्या असाव्यात (१ आणि स्वतः सोडून कशानेही भाग न जाणाऱ्या), असं सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटत होतं. पहिल्या पाच आहेतही. सहावी १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने फोडली: ६४१ × ६७००४१७. हा ६४१ कसा, तर एकीकडून ५ × १२८ + १ आणि दुसरीकडून ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. एवढ्या दोन मांडण्यांवरून, लांबलचक भागाकार न करता, भाग जातो हे सिद्ध होतं. ते मी मोठ्या मुलांना करून दाखवतो, घाई न करता.

एका वर्षी लिहिताना माझा एक ७ चुकून १ झाला. सातवीतली एक मुलगी आकड्यांची बेरीज करत बसली होती. ती उभी राहिली. "सर, बेरीज ८१ येतेय. म्हणजे नवाने भाग जातो. पण अवयवांत तीन एकदाच आहे." आम्ही पहिल्यापासून एकेक आकडा ताडून पाहिला आणि तो ७ सापडला. खरी बेरीज ८७. तीनाने भाग जातो, नवाने नाही.