वाचताना हरवणारी हवा : जाळी, नळी आणि एक थेंब

तीन आठवडे छळणारी चूक अखेर रविवारी पहाटे सापडली. बोलताना बाहेर पडणारी हवा मोजणारा घरगुती मास्क मी बनवला आहे: हवा त्यातील बारीक जाळीतून जाते, जाळीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक नळ्यांतून सेन्सरपर्यंत पोहोचतो आणि त्यावरून प्रवाह कळतो. त्याचा आलेख मागच्या नोंदीत दिला होता. मास्क लावून परिच्छेद वाचू लागलो की पहिली दोन-तीन मिनिटे सारे सुरळीत चाले, मग लांबवलेल्या ‘आ’चा प्रवाह सेकंदाला १५० मिलिलिटरवरून एकाएकी ९० वर घसरे. आवाजात मात्र कानाला काहीही फरक जाणवत नसे. लगेच मास्क उतरवून, मोजून तीन लिटर हवा ढकलणाऱ्या सिरिंजने तपासले, तर आकडा अचूक येई.

प्रथम मी सेन्सरच्या शून्यरेषेवर, म्हणजे हवा थांबलेली असताना येणाऱ्या आकड्यावर, संशय घेतला. वाचनाच्या आधी आणि नंतर शून्य नोंदवले, पण ते जागचे हलले नव्हते. मग जाळीकडे वळलो. उच्छ्वासातील वाफेने जाळी ओली होते हे आपण सारेच जाणतो. पण ओल्या जाळीचा हवेला होणारा रोध वाढतो, त्यामुळे दाबातील फरक वाढून प्रवाह खऱ्यापेक्षा जास्त दिसायला हवा. माझा तर कमी दिसत होता! या एका विसंगतीमुळे शोधाची दिशा बदलली. दाबाच्या नळीवर टॉर्च धरला, तेव्हा वळणापाशी मोहरीएवढा थेंब बसलेला दिसला. आपले दाबफरकाचे सेन्सर आतून अत्यल्प हवा वाहू देऊन तिच्या उष्णतावहनावरून दाब मोजतात. नळी अशी अडली की ती हवाच कमी पोहोचते आणि प्रवाह कमी दिसतो. सिरिंज जोडताना मी नळ्या काढून झटकत असे, त्यामुळे पुरावा प्रत्येक वेळी नाहीसा होई.

आता नळ्यांची तोंडे चौकटीच्या वरच्या बाजूस घेतली आहेत, लांबी ४० वरून १२ सेंटिमीटर केली आहे आणि जाळीची चौकट ४० अंशांपर्यंत गरम ठेवली आहे. बोहरी आळीतून आणलेली स्टीलची जाळी उत्तम आहे. ऑनलाइन घेतलेल्या सिलिकॉनच्या नळ्या मात्र लिहिलेल्यापेक्षा अरुंद निघाल्या. त्या विक्रेत्याकडून पुन्हा काही घेणार नाही. संध्याकाळी सलग बारा मिनिटे वाचले आणि ‘आ’ १४६ ते १५३ च्या बाहेर गेला नाही. ती सरळ रेषा मी बराच वेळ पाहत बसलो.

प्रवाहाची बेरीज करून काढलेली हवेच्या आकारमानाची रेषा अजून उच्छ्वासाकडे सरकते. २५ अंशांची हवा फुफ्फुसांत तापून व ओली होऊन परतताना सात ते दहा टक्क्यांनी फुगते, आणि बोलताना श्वास क्षणभरात आत घेऊन बाकी सारा वेळ तो सोडला जात असल्याने शून्यातील किंचित चूकही तिकडेच साचते. दोन्ही दिशांना वेगळा गुणक लावून पाहणार आहे.

खरे तर पुढचा टप्पा छाती आणि पोट यांच्या हालचाली वेगळ्या मोजणाऱ्या पट्ट्यांचा होता. छाती आणि पोट यांच्या हालचालींवरून श्वासाचे आकारमान काढण्याच्या, कोनो आणि मीड या संशोधकांच्या १९६७ च्या मांडणीवर आपली चर्चा झालीच आहे. परंतु हे लिहिताना जाणवते की नळ्या आखूड झाल्याने प्रवाहातील जलद बदलही आता स्पष्ट दिसतील. म्हणून पट्टे थांबवून आधी ‘ताट’ आणि ‘थाट’, ‘बार’ आणि ‘भार’ या जोड्या घेतो. ‘थ’च्या स्फोटानंतर स्वरतंतू कंप पावण्यापूर्वी हवेचा लोट येतो, तर ‘भ’मध्ये तंतू कंपत असतानाच हवा निसटते. हा फरक घरगुती मास्कमध्ये दिसला, तर बहिणीला आणि शेजारच्या काकांनाही मास्क लावून वाचायला बसवीन.