इतक्या भाषांत मुलं गोंधळत नाहीत का?

माझी मुलं माझ्याशी मराठीत बोलतात आणि मान वळवून बाबांशी कन्नडमध्ये बोलायला लागतात. हे पाहिलं की लग्नकार्यात, गाडीत, सोसायटीच्या गणपतीत कुणीतरी विचारतंच, "एवढ्या भाषांनी मुलं गोंधळत नाहीत का? आणि मराठी टिकवलीत कशी?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. विचारणाऱ्या बऱ्याच जणींच्या कडेवर लहान मूल असतं, आणि कुणीतरी त्यांना आधीच घाबरवून ठेवलेलं असतं.

आम्ही बंगळुरूत राहतो. मी साताऱ्याची, नवरा तुमकूरचा. लग्न झालं तेव्हा आम्ही एकमेकांशी इंग्रजीत बोलायचो, आता बहुतेक कन्नडमध्ये. मुलगी बारा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. सासूबाई बरेच महिने आमच्याकडे असतात. मुलं त्यांना अज्जी म्हणतात आणि माझ्या आईला आजी.

गोंधळाचं आधी सांगते. मुलं भाषा मिसळतात, हे खरं आहे. धाकटा तीन वर्षांचा असताना मला म्हणायचा, "मला ऊट नको, आधी खेळायचंय." ऊट म्हणजे जेवण. पण हीच गोष्ट अज्जीला सांगायची झाली की तो अख्खं वाक्य कन्नडमध्ये बोलायचा, त्यात एकही मराठी शब्द नसायचा. आईला दोन्ही कळतं, अज्जीला एकच कळतं, हे एवढ्याशा पोराने बरोबर ओळखलं होतं. याला मी गोंधळ म्हणणार नाही.

चुका होतात, त्या वेगळ्या. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, त्यामुळे आमच्याकडे "ते खुर्ची तुटलं" आणि "माझं पिशवी कुठाय" बरीच वर्षं चाललं. आम्ही आणि आपण यांतला फरकही कन्नडमध्ये नाही, दोन्हींना 'नावु'च. मुलगी शाळेतून येऊन सांगायची, "आई, आज आपण सहलीला गेलो होतो!" मी थांबवून शिकवत बसले नाही. "हो का, तुम्ही सहलीला गेला होतात? कुठे?" एवढंच म्हणायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. तिला सहलीचं सांगायचं असतं. तेव्हा व्याकरण काढलं तर पुढच्या वेळी ती इंग्रजीत सांगेल, किंवा सांगणारच नाही.

एका बालवाडीतल्या बाईंनी आम्हाला बोलावून "घरी फक्त इंग्रजी बोला, नाहीतर मुलगी मागे पडेल" असं सांगितलं होतं. आम्ही ते ऐकलं नाही, आणि तुम्हीही ऐकू नका असं मी अगदी कळकळीने सांगते. दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं लांबत नाही. मात्र शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांचे मिळून मोजा. मराठीतले वीस आणि कन्नडमधले तीस म्हणजे पन्नास. मूल दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर "भाषा जास्त आहेत म्हणून होतंय" असं म्हणत वाट पाहू नका, आधी कान तपासून घ्या आणि वाचा-उपचार करणाऱ्यांना दाखवा. म्हैसूरला 1965 पासून याच कामासाठी अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे, मोठ्या शहरांत चांगले तज्ज्ञ आहेत. घरातली एक भाषा बंद करणं हा त्यावरचा इलाज नव्हे. अज्जी ज्या भाषेत मांडीवर घेऊन बोलते तीच बंद करायची तर मुलाने तिच्याशी बोलायचं कसं?

आता मराठी टिकण्याचं. आईने आपली भाषा बोलायची, बाबांनी आपली, हा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. तो फार जुना आहे. ज्यूल रोंजा नावाचे फ्रेंच भाषाअभ्यासक होते, त्यांची बायको जर्मन. 1908 साली त्यांना मुलगा झाला तेव्हा ग्रामाँ या भाषातज्ज्ञाच्या सल्ल्यावरून त्यांनी हा नियम पाळला, आणि 1913 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मुलाला दोन्ही भाषा उत्तम आल्या. आम्हीही हेच केलं. पण एवढ्यावर भागत नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या सुमारे 1,900 कुटुंबांचा एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. एक पालक फक्त तिथली डच आणि दुसरा फक्त स्वतःची वेगळी भाषा बोलतो, अशा घरांपैकी साधारण चारांतल्या एका घरात मुलं ती दुसरी भाषा बोलतच नव्हती. त्यांना समजत असेल, पण बोलत नव्हती.

मला यात नवल वाटत नाही. मुलाला पक्कं ठाऊक असतं की आईला इंग्रजी येतं, कन्नडही येतं. मग मराठीत बोलायची गरज काय? गरज माणसांमुळे निर्माण होते. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: मुलाला अशी माणसं मिळवून द्या, जी त्याला हवीहवीशी आहेत आणि ज्यांच्याशी मराठीशिवाय काम भागत नाही. आमच्या घरी हे काम माझ्या आईने केलं. तिला इंग्रजी येत नाही, कन्नडचा तर प्रश्नच नाही. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो आणि ती अभ्यासाचं अवाक्षर काढत नाही. आज काय खाल्लंस, कुणाशी भांडलास, मांजरीला पिल्लं झाली का, हेच चालतं. सुट्टीत मुलं साताऱ्याला जातात. मामेभावंडांच्या टोळीत लगोरी खेळताना "आउट नाहीये मी!" हे मराठीत ओरडूनच सांगावं लागतं. पहिल्या आठवड्यात धाकटा गप्प गप्प असतो, नंतर त्याला आवरावं लागतं. कर्नाटकात मराठी मातृभाषा सांगणारे 20 लाखांवर असले, तरी त्यांतला मोठा भाग बेळगाव-बीदरकडचा. आमच्या इमारतीत आम्हीच. म्हणून मी मुद्दाम शोधून तीन-चार मराठी घरं जोडली आहेत.

नवऱ्याचाही यात मोठा वाटा आहे आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. तो मराठी फारशी बोलत नाही, पण समजून घ्यायला शिकला. त्यामुळे जेवताना मी मुलांशी मराठीत बोलले की त्याला परक्यासारखं वाटत नाही. मीही कन्नड शिकले, लिहायला-वाचायलासुद्धा. सासूबाईंसमोर मराठीत कुजबुजत राहणं मला कधीच बरं वाटलं नसतं. कन्नड ही माझ्या मुलांची तेवढीच हक्काची भाषा आहे. दोघं एकमेकांशी खेळताना कन्नड आणि इंग्रजी बोलतात, त्यात मी पडत नाही.

वाचनाच्या बाबतीत एक आनंदाची गोष्ट घडली. मुलीला शाळेत हिंदी आहे, त्यामुळे देवनागरी आयतीच आली. हिंदीत नसलेला 'ळ' तिच्या तोंडात होताच, कन्नडमधून आलेला. अडली ती 'चमचा'पाशी. मराठीतले दोन 'च' आणि दोन 'ज' ना हिंदीत ना कन्नडमध्ये, आणि लिहिताना ते वेगळे दिसतही नाहीत. ते कानाने ऐकूनच येतात, म्हणून मी रात्री मोठ्याने वाचून दाखवत राहिले. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत मिळतात. तिथूनच आम्ही सुरुवात केली.

"आमचा आठ वर्षांचा झाला, आता उशीर झाला का?" असं विचारणाऱ्यांना सांगते, नाही झाला. एकदम दिवसभर मराठी बोलायला जाऊ नका, दोघांनाही जड जातं. एक वेळ धरा, झोपतानाची किंवा शाळेत सोडायला जातानाची, आणि तेव्हा तुम्ही मराठीतच बोला. तो इंग्रजीत उत्तर देईल, देऊ दे. आणि त्याच्यावर जीव असलेली एक मावशी, काका, आजोबा, कुणीतरी गाठा. त्यांना फोन लावलात की आधी मुलाच्या हातात द्या, तुमचं बोलणं नंतर होईल.