आमची वाटचाल : भुवया काढलेला कॅप्टन

आमचं वर्कशॉप म्हणजे कॅलिफोर्नियातल्या साउथ पॅसाडीनातलं दोन गाड्यांचं गॅरेज. गाड्या बाहेर उन्हात आणि आत प्लास्टरचे साचे. २००९ मध्ये मी आणि बायकोने रबरी मुखवटे करायला घेतले, तेव्हा दहातली आठ गिऱ्हाइकं एकच चेहरा मागायची : १९७८ च्या 'हॅलोवीन' या भयपटातला पांढरा मुखवटा घालणारा खुनी, मायकेल मायर्स. या गावाला ते नवीन नाही. सिनेमातलं त्याचं घर मिशन स्ट्रीटवर अजून उभं आहे, लोक त्यासमोर फोटो काढतात.

मी सिनेमा थांबवून थांबवून पाहिला आणि पडद्यावरचा चेहरा मातीत घडवला. चार महिने गेले. पहिला मुखवटा एका जुन्या संग्राहकाने हातात घेतला, उलटा करून आतून पाहिला, खिडकीपाशी नेला. म्हणाला, "मायर्ससारखा दिसतो. मायर्स नाही."

राग आला. पण बायकोने तो टेबललॅम्पखाली धरला आणि विचारलं, "अहो, या डोळ्यांच्या खोबणी इतक्या खोल का?" सिनेमॅटोग्राफर डीन कंडी यांच्या प्रकाशयोजनेत त्या चेहऱ्याचे डोळे बहुतेक वेळा अंधारात असतात. तो अंधार मी मातीत कोरून ठेवला होता! सावलीची नक्कल केली आणि वस्तू राहूनच गेली.

वस्तूची गोष्ट तशी सगळ्यांना ठाऊक होती, मलाही. सिनेमाचं बजेट तीन लाख डॉलरच्या आसपास, मुखवटा खास घडवून घ्यायला पैसे कुठले? सिनेमाचे प्रॉडक्शन डिझायनर टॉमी ली वॉलेस यांनी हॉलिवूड बुलेव्हार्डवरच्या दुकानातून डॉन पोस्ट स्टुडिओजचा 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा आणला, दोन डॉलरच्याही आत. भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले आणि वरून पांढरा स्प्रे मारला. विदूषकाचा मुखवटाही त्यांनी करून पाहिला होता, पण पसंती कर्कला मिळाली. ऐकीव गोष्ट म्हणून मी हे सोडून दिलं होतं. खरं तर कामाची पद्धतच तिच्यात होती : आधी कर्क मिळवायचा, मग त्याच्यावर तेवढंच करायचं.

मिळवला. पहिला घेतला तो फसवा निघाला. लेटेक्स, म्हणजे पातळ रबर, प्लास्टरच्या साच्यात ओततात, प्लास्टर त्यातलं पाणी शोषतं, भिंतीला थर धरतो, उरलेलं ओतून टाकायचं. वाळताना रबर आक्रसतं. म्हणून तयार मुखवट्यावरूनच कुणी नवा साचा काढला, तर त्यातून येणारी प्रत मुळापेक्षा लहान आणि नाका-ओठांच्या रेषा बोथट. संग्राहक याला रीकास्ट म्हणतात. माझ्या कॅलिपरने कानापासून कानापर्यंतचं माप घेतलं तेव्हा हे कळलं, पण पैसे आधीच गेले होते. दुसरा खरा मिळाला. त्याच्यावरून नाकाची, ओठांची मापं घेतली आणि माती पुन्हा पहिल्यापासून लावली, यावेळी वाळताना आक्रसणारं माप धरून थोडी मोठी.

रंगाने मात्र रडवलं. साधा स्प्रे रबरावर टिकत नाही, मुखवटा दुमडला की तडे जातात. लेटेक्समध्ये रंग मिसळून लावला तर भिंतीला डिस्टेंपर दिल्यासारखा एकसारखा दिसतो. शेवटी हिनेच हाताच्या अंतरावरून तीन पातळ फवारे मारले, आतला कातडीचा रंग नाकाच्या कडेला किंचित दिसू दिला, आणि मी पहिल्यांदा गप्प बसलो.

एक गंमत सांगायला हवी. लोक १९८१ च्या दुसऱ्या भागाचे फोटो आणून पहिल्या भागातला मुखवटा मागतात. मुखवटा दोन्हीकडे तोच आहे, पण मधल्या काळात रबर पिवळटलं आणि तो घालणाऱ्याचं डोकं बदललं : पहिल्यात मुख्यतः निक कॅसल, दुसऱ्यात डिक वॉरलॉक. डोक्यावर ताणलं की रबराचा चेहराच बदलतो, हे गिऱ्हाइकाला पटवायला अर्धा तास जातो.

२०१३ मध्ये वकिलाचं पत्र आलं. परवाना नव्हता, चूक आमचीच. परवान्याचे पैसे परवडणारे नव्हते, म्हणून तो मुखवटा विकणं बंद केलं. तेव्हापासून आमचं पोट जुने रबरी मुखवटे ओळखणं आणि दुरुस्त करणं यावर चालतं. वर्षभर हात आखडता होता, मग चाललं.

मागच्या महिन्यात एक तरुण बुटांच्या खोक्यातून सत्तरच्या दशकातला कर्क घेऊन आला. भुवया जागच्या जागी, कल्ले शाबूत. त्याला मायर्स हवा होता, आमच्या हातून. मी माप घेतलं, रेषा पाहिल्या, पुन्हा माप घेतलं. रीकास्ट नव्हता. बायकोने माझ्या हातातली कात्री काढून घेतली, मुखवट्यात आतून टाल्कम पावडर फिरवली, चेहरा बसू नये म्हणून टिश्यू पेपर भरला आणि खोक्याचं झाकण लावून त्याच्या हातात दिलं.